इंकस्केप: देवनागरी अक्षरे पाथमध्ये बदलल्यावर शिरोरेषा तुकड्यांत कापली जाते

प्रश्न

नमस्कार. घराच्या पाटीसाठी मी इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘विठ्ठलकृपा’ हे नाव तयार केले असून ते रेडियममध्ये कापून घ्यायचे आहे. पडद्यावर नाव अखंड दिसते, परंतु कटिंग प्लॉटरने प्रत्येक अक्षराच्या जोडावर शिरोरेषा उभी कापली आणि सोलताना अक्षरे सुटी झाली. दुसरी अडचण अशी की, ‘वि’ची वेलांटी वरच्या चौकटीला टेकते, ती थोडी खाली घ्यावी म्हणून क्लिक केले, तर संपूर्ण नावच निवडले जाते. एवढाच भाग कसा निवडावा?

उत्तर १

आपण ज्यावर क्लिक करत आहात तो अजून मजकूर आहे की पाथ (म्हणजे अक्षराच्या कडांची रेषाकृती), हे आधी पाहावे. मजकुराला नोड (कडेवरील ओढून हलवता येणारे बिंदू) नसतात, त्यामुळे वेलांटीचा आकार थेट बदलता येत नाही. कंट्रोल + शिफ्ट + सी दाबून ऑब्जेक्ट टू पाथ केल्यावर सर्व अक्षरांचा एक ग्रुप तयार होतो आणि साध्या क्लिकने तो सगळाच निवडला जातो. ग्रुप न सोडवता त्यातील एकच तुकडा हवा असल्यास कंट्रोल दाबून त्यावर क्लिक करावे. बहुतेक फाँटमध्ये पहिली वेलांटी ‘व’पासून वेगळा तुकडा म्हणून हाती येते.

त्यानंतर एन दाबून नोड टूल घ्यावे. येथे एक काळजी अवश्य घ्यावी: वेलांटीच्या कमानीला बाहेरची आणि आतली अशा दोन कडा असतात, म्हणून माथ्यावरील दोन्ही कडांचे नोड चौकट ओढून एकत्र निवडावेत आणि मगच खाली सरकवावेत, फक्त बाहेरचा नोड ओढला तर कमान तेथे बारीक होते आणि अक्षर आजारी दिसू लागते. नोड कमी करण्यासाठी सिम्प्लिफाय वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्याने वळणांचा डौल बिघडतो.

पाथ केल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही, म्हणून मूळ मजकुराची फाइल वेगळी जपून ठेवावी.

उत्तर २

शिरोरेषेचे कारण वेगळे आहे. देवनागरी फाँटमध्ये प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येते आणि हे तुकडे शेजारी एकमेकांवर थोडे चढतात. काळा रंग भरलेला असताना ते दिसत नाही, पण प्लॉटर रंग पाहत नाही, तो फक्त कडेने पाते फिरवतो. व्ह्यू मेनूतील डिस्प्ले मोडमधून आउटलाइन निवडल्यास त्याला काय दिसते ते आपल्यालाही दिसेल.

वेलांटीचे काम आधी उरकावे, नंतर कंट्रोल + शिफ्ट + जी ने ग्रुप सोडवावा, सगळे तुकडे निवडावेत आणि पाथ मेनूतील युनियन करावे. शिरोरेषा एकसंध होईल.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. वेलांटी नीट बसली. युनियननंतर ‘ल’ आणि ‘कृ’ यांच्यामध्ये मात्र आउटलाइनमध्ये अजून एक बारीक उभी रेघ दिसते.

उत्तर २

तेथे दोन तुकडे एकमेकांवर न चढता केवळ टेकलेले असावेत, किंवा त्यांच्यात केसाएवढी फट असावी. युनियन पूर्ववत करून, भरपूर झूम करून, ‘कृ’ निवडावा आणि आल्ट दाबून डाव्या बाणाने एकेक पिक्सेल सरकवावा. ही पायरी पडद्यावरील पिक्सेलची असल्याने झूम जितका जास्त, तितके सरकणे सूक्ष्म होते. पुढील अक्षरेही त्याबरोबरच निवडली म्हणजे ‘कृ’ आणि ‘पा’ यांमधील अंतर बदलणार नाही. नंतर पुन्हा युनियन करावे.

यापुढे एखादा भाग सुटा करण्याची वेळ आली, तर ब्रेक अपार्ट टाळावे. त्याने आतील पोकळ्या स्वतंत्र आकार होतात आणि ‘ठ’चा गोल भरीव दिसतो. 2023 मध्ये आलेल्या 1.3 आवृत्तीपासून स्प्लिट पाथ ही आज्ञा आहे, ती पोकळी राखते.