भट्टी कशाला? आधी दोन बादल्या ठेवा

खाडीकाठचा:
काल इथे एकाने लिहिलं, "कचरा जाळायची भट्टी आली की डंपिंगचा प्रश्न कायमचा मिटेल. विरोध करणारे विकासाच्या मुळावर उठलेत." झोप उडाली माझी. अहो, आपल्या बादलीत असतं काय? माशांची खवलं, शहाळी, फणसाची चारखंडं, म्हणजे गरे काढून उरलेला भाग. त्यावर चार महिने पाऊस. हे पेटवायला वरून डिझेल ओतणार? 2016 च्या घनकचरा नियमांतही जाळायला धाडायचं ते पुनर्वापर न होणारं आणि किलोला निदान 1500 किलोकॅलरी उष्णता देणारं, असंच होतं. वेंगुर्ल्यात ओल्या कचऱ्याचा बायोगॅस झाला, प्लास्टिकचा चुरा डांबरी रस्त्यात गेला. डंपिंग बघायला लोक येऊ लागले!

पेजभात:
वेंगुर्ला, वेंगुर्ला! त्यांना मुख्याधिकारी तसा लाभला. आमचा घंटागाडीवाला ओला-सुका डोळ्यांदेखत एकत्र ओततो. तीन वर्षं दोन बादल्या ठेवल्या, आता एकच. माझं घर डंपिंगच्या वाऱ्यावर आहे. एप्रिलमध्ये तिथे आग लागते, आई रात्रभर खोकते. बिनचिमणीची भट्टी आम्ही आधीच भोगतोय.

चाकरमानी:
चारखंडं कचऱ्यात?? आमची आजी गुरांना घालायची.

खाडीकाठचा:
गुरं कुठायत? गोठा पाडून तुम्हीच पार्किंग केलंत ना?

चाकरमानी:
वैयक्तिक नको. बंद घराची घरपट्टी मी वेळेवर भरतो.

ओटीवरची:
भरता हो. आणि गणपतीत थर्माकोलचं मखर मागे ठेवून जाता. 2018 पासून बंदी आहे त्यावर. गेल्या वर्षी तुमच्यासारख्याच एका पाहुण्यांचं मखर आमच्या विहिरीत तरंगत होतं.

चाकरमानी:
माझं मखर कापडाचं असतं! सरसकट बोलू नका. होमस्टेवाल्यांच्या बाटल्या दिसत नाहीत तुम्हाला? त्यांचे पैसे गावात येतात म्हणून गप्प.

ओटीवरची:
माझाच होमस्टे आहे. बाटल्या भंगारवाल्याला देते, विचारा त्याला.

निवृत्त मास्तर:
मखर राहू दे बाजूला. पीव्हीसी प्लास्टिक जळलं की डायॉक्सिन हे विष तयार होऊ शकतं. म्हणून भट्टीतला वायू 850 अंशांवर किमान दोन सेकंद राहावा लागतो. ओला कचरा आत गेला की तापमान पडणार. शिवाय शंभर किलोमागे वीस-पंचवीस किलो राख उरतेच. ती कुठे टाकणार? आपल्याच कातळावर?

पेजभात:
राखेचं कोणी बोललं नाही, हे कबूल. तेवढंच हां. घंटागाडीवाल्याला तुम्ही समजवा मास्तर, मग मी दुसरी बादली काढतो.

चाकरमानी:
आणि चारखंडं?

पेजभात:
येताना दादरहून एक म्हैस घेऊन या.