मदत हवी आहे: कुटुंबासाठीच्या डेक-बिल्डिंग खेळाचं परीक्षण लिहिताना नेमकं काय तपासायचं?

नमस्कार मंडळी,

आमच्या बोर्डगेम गटात दर महिन्याला कुणीतरी एका खेळाचं परीक्षण लिहितं. या वेळी पाळी माझी आहे आणि मी राइनर क्निट्सिया यांचा 'द क्वेस्ट फॉर एल डोराडो' (२०१७) निवडला आहे. वाचणारे बहुतेक पालक आहेत आणि डेक-बिल्डिंग, म्हणजे खेळता खेळता नवी पानं मिळवून आपली गड्डी घडवत जाण्याचा प्रकार, त्यांच्यापैकी अनेकांनी खेळलेला नाही. म्हणून सुरुवातीला एक ओळख लिहिली आहे. ती आधी वाचा:

"प्रत्येकाकडे सुरुवातीला सारखीच आठ पानं असतात: चार नाण्यांची, तीन कोयत्याची आणि एक वल्ह्याचं. ती पिसून चार हातात घ्यायची. कोयत्याने जंगल ओलांडता येतं, वल्ह्याने पाणी, नाण्यांनी वस्ती. जी पानं चालायला वापरली नाहीत ती मोजून बाजारातून नवं पान घेता येतं, एका पाळीत एकच. नाण्याच्या पानावर जितकी नाणी तितकी त्याची किंमत, बाकी कुठलंही पान अर्ध्या नाण्याचं. विकत घेतलेलं पान लगेच हातात येत नाही. ते वापरलेल्या पानांच्या ढिगात जातं आणि गड्डी संपून पुन्हा पिसली की मगच फिरून येतं. सोन्याच्या नगरीत जो आधी पोचेल तो जिंकला."

आता अडलंय कुठे ते सांगते. घरी खेळ सगळ्यांना आवडला. पण माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला पानं विकत घेण्याचाच इतका आनंद होतो की ती घेतच सुटते. खेळ अर्ध्यावर येतो तेव्हा तिची गड्डी सगळ्यांत जाड असते आणि प्यादं सगळ्यांत मागे. मग तिचा चेहरा उतरतो. "माझ्याकडे इतकी चांगली पानं आहेत, मग ती हातात का येत नाहीत?" हा तिचा प्रश्न अगदी रास्त आहे.

हे परीक्षणात कसं मांडू? खोक्यावर वय १०+ आहे, म्हणजे ती जेमतेम एका वर्षाने लहान. हा खेळाचा दोष म्हणायचा, की खेळ जे शिकवू पाहतो त्यातलाच हा एक टप्पा? आणि मुळात कुटुंबासाठीच्या डेक-बिल्डिंग खेळाची पारख कशावरून करायची? चित्रं सुंदर, नियम सोपे, तासाभरात संपतो, असं लिहून मोकळं व्हायचं नाहीये मला. वाचणारा माझ्या शब्दावर खेळ घेणार आहे.

जाणकारांनी मदत करावी. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद

ओळख सुरेख जमली आहे. वाचून खेळायला बसता येईल. फक्त एक नियम राहिला आणि नव्या माणसाची गाडी हमखास तिथेच अडते. दोन कोयते मागणाऱ्या चौकटीवर जायला एकाच पानावर दोन कोयते लागतात. एक-एक कोयत्याची दोन पानं जोडून चालत नाही. उलट तीन कोयत्यांचं एक पान असेल तर त्यावर एक-एकच्या तीन चौकटी सलग पार करता येतात. हे पहिल्या परिच्छेदातच घाला, कारण महागडी पानं का घ्यायची याचं उत्तर त्यातच आहे.

प्रतिसाद

ताई, तुम्ही जिथे अडला आहात तोच या प्रकाराचा गाभा आहे, त्यामुळे परीक्षण तिथूनच सुरू करा असं मी म्हणेन.

डेक-बिल्डिंगमध्ये दोन गोष्टी शिकायच्या असतात. चांगलं पान घ्यायचं, ही पहिली. ती कुणालाही चटकन कळते. नको असलेलं पान काढून टाकायचं, ही दुसरी. ती मोठ्यांनाही पटायला वेळ लागतो, कारण आपल्या मालकीची वस्तू टाकून देण्यात फायदा आहे हे मनाला रुचत नाही. म्हणून कुटुंबासाठीचा कुठलाही असा खेळ हाती आला की मी एवढंच बघतो: घेतलेल्या किंवा टाकलेल्या पानाचा परिणाम खेळणाऱ्याला किती लवकर दिसतो, आणि कुठे दिसतो.

डोमिनियन घ्या. डोनाल्ड एक्स. व्हॅकारिनो यांचा २००८ चा खेळ, या प्रकाराची वाट त्यानेच रुळवली आणि २००९ मध्ये त्याला जर्मनीचा 'श्पील देस यारेस' पुरस्कार मिळाला. मला तो प्रचंड आवडतो. सात तांब्याची नाणी आणि तीन जमिनी अशा दहा पानांवर सुरुवात, हातात पाच. गुण मिळवून देणारी पानं खेळात एरवी काहीच करत नाहीत, नुसती गड्डीत अडगळ करतात, आणि जिंकायचं तर तीच घ्यावी लागतात. कल्पना फार देखणी आहे. पण कोण पुढे आहे हे शेवटी मोजल्याशिवाय नक्की कळत नाही. लहान मुलाला आपलं कुठे चुकलं हे डाव संपल्यावर समजतं, आणि तेव्हा त्याला कारणमीमांसा ऐकायची नसते.

एल डोराडोमध्ये गड्डीची तब्येत नकाशावर दिसते. प्यादं पाण्याच्या काठावर उभं आहे आणि हातात चारही पानं नाण्यांची, हे मुलाला समजावून सांगावं लागत नाही. या खेळाची खरी ताकद ही आहे आणि परीक्षणात ती ठळकपणे यायला हवी.

आता लेकीच्या प्रश्नाचं उत्तर. तिला हिशेब पानं मांडून दाखवा. आठ पानांची गड्डी, पाळीला चार वापरली, म्हणजे दोन पाळ्यांत सगळी गड्डी फिरते. त्यात दहा पानं घातली की झाली अठरा. आता तेच लाडकं पान चार-पाच पाळ्यांतून एकदा दिसणार. आणि शेवटच्या टप्प्यात घेतलेलं पान तर हातात येईपर्यंत शर्यतच आटोपते. डाव संपला की तिची सगळी पानं पालथी न घालता टेबलावर पसरा आणि एकदाही न खेळलेली पानं तिलाच वेगळी काढायला सांगा. न बोलता कळेल.

नकाशावरचे लाल तळ तिने ओलांडले का, हेही बघा. करड्या चौकटीत शिरायला दिलेली पानं नुसती वापरलेल्या ढिगात जातात, पण लाल तळावर दिलेली पानं खेळातून कायमची बाद होतात. मुलं ती शिक्षा समजून वळसा घालतात. खरं तर सुरुवातीची एकेक नाण्याची पानं तिथे खपवणं म्हणजे पुढची गती वाढवणं आहे.

माझ्या मते हा खेळाचा दोष नाही. मात्र "नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्या काही डावांत सोबत लागेल" हे स्पष्ट लिहाच.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी बराचसा सहमत, पण सडपातळ गड्डीचा इतका आग्रह परीक्षणात नको. आपण जुने खेळाडू त्याच चष्म्यातून सगळं बघतो. कुटुंब टेबलाशी बसतं तेव्हा खेळ टिकतो की नाही हे ठरतं ते दुसऱ्याची पाळी चालू असताना बाकीचे काय करतात यावर.

डोमिनियनमध्ये एखाद्याची साखळी लागली की तो पान ओढतोय, अजून एक कृती मिळवतोय, पुन्हा ओढतोय, आणि बाकीचे बघत बसतात. एल डोराडोत पाळी छोटी असते आणि दुसऱ्याने काय केलं याचा माझ्याशी थेट संबंध येतो, कारण ज्या चौकटीत प्यादं आहे तिथे दुसऱ्याला शिरता येत नाही. चिंचोळ्या वाटेत कुणी ठाण मांडून बसलं की सगळे ओरडतात. ही चुरस मुलांना हवीच असते. पण आडवं येणं सहन न होणारं मूल घरात असेल तर रडारड होऊ शकते, तेही लिहा.

आणखी दोन गोष्टी नोंदवा. दोघंच खेळत असतील तर प्रत्येकाकडे दोन प्यादी असतात आणि दोन्ही पोचवावी लागतात, त्यामुळे तो जवळपास वेगळाच खेळ होतो. तुम्ही चौघं खेळून लिहीत असाल तर तसं नमूद करा. दुसरं म्हणजे नकाशा. तुकडे जोडून वाट बनवायची असल्याने कुठली मांडणी खेळलात यावर अवघडपणा ठरतो. नियमपुस्तिकेत पहिल्या खेळासाठी सुचवलेली वाट सौम्य आहे. लेकीला थेट लांबची वाट दिली असेल तर तिच्या मागे पडण्याचं निम्मं कारण तेच.

प्रतिसाद

क्लँक (२०१६) सुद्धा डोळ्यांखालून घाला. पॉल डेनेन यांचा आहे. त्यातही प्यादं नकाशावर फिरतं, पण नुसतं पुढे पळणं पुरेसं नाही. खजिना उचलून वर परत यायचं, आणि आवाज झाला की आपल्या रंगाचे ठोकळे ड्रॅगनच्या पिशवीत जातात. तुलनेला उपयोगी पडेल. थोड्या मोठ्या मुलांसाठी ठीक, पानांवर वाचायला बरंच आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार! पानं पसरून दाखवण्याची युक्ती लगेच करून पाहिली. तिने स्वतःच न खेळलेली पानं बाजूला काढली आणि "ही का घेतली मी?" असं विचारून पुढच्या डावात थेट लाल तळाकडे निघाली. वाट आम्ही खरंच लांबची मांडली होती. परीक्षणात दोन्ही मांडण्यांबद्दल लिहिते.

वाचण्याचा मुद्दा आला ते बरं झालं. इथे बहुतेक पानांवर कोयते, वल्ही, नाणी अशी चिन्हंच आहेत, मजकूर फक्त विशेष कृतीच्या मोजक्या पानांवर. नुकतं वाचायला लागलेलं मूलही बसू शकतं. हे मी वेगळ्या परिच्छेदात घेतेय, कारण लिंबूटिंबू म्हणून न घेता बरोबरीने खेळवता येणं याचं मोल मला फार वाटतं.

एक उरलेली शंका. न वापरलेली पानं हातात ठेवता येतात, त्याचं काय? लेक तीन कोयत्यांचं पान जंगल येईपर्यंत जपून ठेवते. हे चांगलं की वाईट?

आणि तिच्या हातात गड्डी नीट मावत नाही, पिसताना पानं सांडतात. या खेळात तर सारखंच पिसावं लागतं. काय करता तुम्ही?

प्रतिसाद

जंगल पुढच्याच पाळीत येणार असेल तर ठेवू दे, शहाणपणाचं आहे. पण पाळीच्या शेवटी आपण चारच भरतो, म्हणजे एक पान धरून ठेवलं की नवी तीनच येतात. दोन धरली तर दोन. जंगल लांब असेल तर तिला तेच पान अर्धं नाणं म्हणून मोडायला सांगा, गड्डी फिरती राहते.

पिसण्याचं सोपं आहे. पानं टेबलावर पालथी पसरायची, दोन्ही तळहातांनी गोल गोल घोळवायची आणि गोळा करायची. पानांच्या कडाही दुमडत नाहीत. स्लीव्ह (पानांवरचं प्लास्टिकचं आवरण) घातलेली गड्डी असेल तर दोन भाग करून एकमेकांत वरून सरकवली तरी पुरतं. परीक्षणात जागा असेल तर हे जरूर लिहा, मुलांबरोबर खेळणाऱ्या प्रत्येकाला लागतं.