ट्रॅमेल आत, मग व्हिटेकर बाहेर का?

उत्तेजकं घेतल्याच्या आरोपांमुळे बॉन्ड्स-क्लेमेन्स या खेळाडूंना अमेरिकी बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत) घ्यावं की नाही, यावर भरपूर काथ्याकूट झालाय. माझं मत मात्र लू व्हिटेकरला. डेट्रॉइट टायगर्स संघाचा हा सेकंड बेसमन आणि त्याच्या शेजारच्या जागी क्षेत्ररक्षण करणारा शॉर्टस्टॉप ॲलन ट्रॅमेल १९७७ साली एकाच दिवशी संघात आले, १९८४ची वर्ल्ड सिरीजही (विजेतेपदाची अंतिम मालिका) सोबतच जिंकले. हिट्स (बेस गाठून देणारे फटके) २३६९ विरुद्ध २३६५, होमरन २४४ विरुद्ध १८५. दोन्हींत व्हिटेकर पुढे. तरी ट्रॅमेल २०१८ मध्ये आत गेला आणि व्हिटेकर २००१ साली बेसबॉल पत्रकारांच्या पहिल्याच मतदानात ५ टक्केही मतं न मिळाल्याने त्यांच्या यादीतून कायमचा बाद! हा कुठला न्याय? बाकी गडी अवलियाच. १९८५च्या ऑल-स्टार सामन्याला जर्सी विसरून आला, मग चाहत्यांसाठी विकायला ठेवलेली एक घेतली आणि पाठीवर मार्करने नंबर लिहून खेळला.