मदत हवी आहे: आईवडील गलाईला लांब, पोरं आजीकडं, अभ्यासाचं कळवायचं कुणाला?

वाडीवरची_बाई
नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यात विट्याच्या पुढं एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत तिसरीला शिकवते. आमच्या खानापूर-आटपाडीकडचं तुम्हाला माहितीच असेल, बरेच जण गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायची दुकानं पार तमिळनाडू, केरळ, पंजाबपर्यंत, त्यामुळं वर्गातली बरीच पोरं आजी-आजोबांकडं राहतात. आता व्हॉट्सॲप ग्रुपवर मी अभ्यास टाकते तो वाचतो कोण, तर कोइमतूरला दुकानावर बसलेला बाप. आणि पोराशेजारी संध्याकाळी बसते आजी, जिच्याकडं बटणाचा फोन आणि वाचता येत नाही. बाप रात्री दुकान बंद करून फोन करतो, तोवर पोरगं झोपलेलं, मग सकाळी आजी कावते, "बाई, पोराला काय सांगितलंय ते मला कुणी सांगत न्हाई, आन बोलणी मात्र मीच खायची."

गेल्या महिन्यात परिसर अभ्यासाचा प्रकल्प दिला, 'आपल्या घरात पाणी कुठून येतं'. साधी अपेक्षा होती, घरात विचारायचं, नळ-आड-टाकी बघायची, चित्र काढायचं. एका वडिलांनी तिकडून विट्यातल्या दुकानदाराला पैसे पाठवून धरणाचं तयार मॉडेलच घरी पोचवलं, निळा रंग, कापसाचे ढग, सगळं. पोराला विचारलं हे कुठलं धरण, तर म्हणतो माहित नाही, पप्पांनी पाठवलंय. आता त्यांना कसं सांगू की हे नको होतं, प्रेमानंच केलंय त्यांनी.

दुसरं म्हणजे काही पालकांची उलटी तक्रार, इंग्लिश मिडीयमला रोज दोन-दोन पानं लिहायला असतात, तुम्ही काहीच देत नाही. ग्रुपवर गुड मॉर्निंग, देवाचे फोटो आणि त्यात माझा मेसेज कुठं वाहून जातो कळत पण नाही. तुम्ही लोक कसं करता ते सांगा प्लीज, शिक्षक पालक दोघांनीही सांगा.

माण_खटावकर
मॅडम, ग्रुपचं आधी मिटवा, सेटिंगमध्ये जाऊन फक्त ॲडमिनला मेसेज टाकता येईल असं करा, दोन दिवस लोक रुसतील मग गप होतील. आमच्याकडं मुंबईला माथाडीत असलेले पालक आहेत, सेम प्रॉब्लेम. मी लिहायचं बंद करून व्हॉइस मेसेज टाकतो, मिनिटभराचा, आपल्या बोलीत. पण आजीकडं स्मार्टफोनच नसेल तर शेजारचं कॉलेजचं पोरगं धरायचं, चार-पाच घरांना मिळून एक, ते संध्याकाळी ऐकवतं. आमच्याकडं चाललंय बरं.

सांगलीचा_बाबा
मी पालक म्हणून सांगतो, राग मानू नका. बाहेर राहणाऱ्या बापाला नुसतं 'पान 34 पूर्ण करणे' असं कळवलं तर तो काय करणार, फोनवरून ओरडणार. त्याला करण्यासारखं काहीतरी द्या की ओ. पोरानं फोनवर बापाला आजचा धडा सांगायचा, किंवा पाढे म्हणून दाखवायचे, एवढंच. मी स्वतः सिझनला बाहेर असतो तेव्हा पोरगी मला रोज एक गणित घालते आणि मी मुद्दाम चुकवतो, लई खूश होते.

निवृत्त_केंद्रप्रमुख
ताई, जास्त गृहपाठ मागणाऱ्यांना 2020 चं केंद्राचं दप्तर धोरण दाखवा. दुसरीपर्यंत गृहपाठच नाही आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. रोजचे नव्हे, आठवड्याचे. आणि प्रकल्पाचं म्हणाल तर तिसरी-चौथीला आकारिक मूल्यमापन, म्हणजे वर्षभर वर्गात चालतं ते, 60 गुणांचं, प्रकल्प त्यातच येतो. विकतचं मॉडेल आणलं तर गुण कुणाला द्यायचे, दुकानदाराला का? हे पालक सभेत हसत हसत सांगा, बरोबर पोचतं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, त्यातल्या एखाद्या आईकडूनच बोलवून घ्या, बाईंनी सांगितल्यापेक्षा ते जास्त लागतं.

तासगावची_लेक
मला वाटतं तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. पाण्याबद्दल त्या घरात सगळ्यात जास्त कुणाला माहितीय? आजीलाच ना! 72 चा दुष्काळ तिनं लहानपणी बघितला असेल, टँकरमागं पळाली असेल, छावणीत जनावरं नेली असतील, आणि आता टेंभू उपसा योजनेचं पाणी आलेलं पण तिनंच बघितलंय. बापाला कोइमतूरहून हे कुठलं विकत घेता येतंय? प्रकल्प असा द्या की प्रश्न पोरानं विचारायचे, उत्तर आजीनं द्यायचं, आणि चित्र शाळेतच काढायचं. मग आजीला वाचता येतंय का नाही हा प्रश्नच राहत नाही. बापाला शेवटी त्या चित्राचा फोटो पाठवा, तो आपोआप फोन करून विचारेल आजी काय म्हणाली.

वाडीवरची_बाई
अगं हे तर डोक्यातच आलं नव्हतं. आजी तर बोलायला एका पायावर तयार असतात, शाळेत पोराला सोडायला आल्या की अर्धा तास हलत नाहीत 😀 पुढचा प्रकल्प 'आपलं अन्न'चा आहे, त्यात पूर्वी घरात काय शिजायचं हेच विचारायला लावते, बाजरी, हुलगा, माडगं सगळं निघेल. ग्रुप आजच ॲडमिनवर टाकते आणि व्हॉइस मेसेज सोमवारपासून. फक्त एक सांगा, एखाद्या पोराचं कौतुक ग्रुपवर केलं की दुसऱ्या घरात कुरबुर चालू होते, त्याचं काय करता?

माण_खटावकर
ग्रुपवर नाव घ्यायचंच नाही मॅडम, ना कौतुकाला ना तक्रारीला. ग्रुपवर फक्त काय करायचं तेवढं. ज्याचं सांगायचंय त्याच्या घरी फोन, आणि बापाला करायच्या आधी आजीला.