ख्रिस्ती कादंबरीकारांनी वेगळी चूल का मांडावी?

तलावपाळी : ख्रिस्ती लेखकांच्या संमेलनाला जाणारा कादंबरीकार आपणहून कोपऱ्यात बसतो, असे काल येथे कोणी लिहिले, त्याला उत्तर देणे भाग आहे. मी ठाण्यात राहून ख्रिस्ती कुटुंबांवर कादंबऱ्या लिहितो आणि अशा संमेलनांना आवर्जून जातो. इतर साहित्यिक बैठकांत बाप्तिस्मा आणि दृढीकरण या दोन ख्रिस्ती संस्कारांतला फरक सांगण्यातच माझी वेळ संपते. ख्रिस्ती लेखकांसमोर प्रकरण वाचले, तेव्हा एका बाईंनी थेट विचारले की नायिका कन्फेशन, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली, करून आल्यावर पुढच्याच पानावर इतकी निश्चिंत कशी होते. असा प्रश्न मला अन्यत्र कोणीही विचारला नसता.

वाशीकर वाचक : ते मी लिहिले होते आणि त्यावर ठाम आहे. मुख्य, म्हणजे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन 2010 साली ठाण्यातच भरले होते. आपल्याला दारात कोणी अडवले होते काय? लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घरोघरी वाचली गेली, ती वेगळ्या मांडवामुळे नव्हे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तर 2020 साली उस्मानाबादला अध्यक्ष होते.

तलावपाळी : ते धर्मगुरू होते म्हणून त्यांच्या निवडीला विरोध झाला, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत.

जुना ग्रंथपाल : माझी तक्रार निराळी आहे. 1857 च्या ‘यमुनापर्यटन’ या कादंबरीत बाबा पदमनजींनी यमुनेला शेवटी ख्रिस्ती केले, आणि विधवांच्या दैन्याची त्यांनी केलेली नोंद विसरून आमच्या लेखकांनी तेवढा शेवटच उचलला. अखेरच्या प्रकरणात पश्चात्ताप आला की टाळ्या पडतात, मग त्याआधीची दोनशे पाने कितीही रटाळ असोत.

ऐरोलीची गद्यलेखिका : टाळ्या पडायला श्रोते तरी उरतात का? कादंबरीचे सत्र जेवणाच्या तोंडावर ठेवतात, कारण सकाळी व्यासपीठावर चढलेले कवी उतरायलाच तयार नसतात.

ओवीकार : ताई, फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली ओव्यांतच आले आणि रेव्हरंड टिळकांच्या कविताच लोकांच्या ओठांवर राहिल्या. आपली प्रकरणे ऐकायला माणसे थांबत नाहीत, हा कवींचा अपराध नव्हे.

ऐरोलीची गद्यलेखिका : चारशे वर्षांपूर्वीच्या पुण्याईवर आपण आणखी किती तास माइक अडवणार आहात? एका संमेलनात माझी पाच मिनिटे कापून निवेदकाने स्वतःची गझल म्हटली होती.

तलावपाळी : अमेरिकेत ख्रिस्ती कथा-कादंबरीकारांनी 2000 साली केवळ गद्यासाठी संघटना काढली. तिच्या परिषदेत लेखक संपादकासमोर बसून आपले हस्तलिखित मांडतो. आपल्याकडे संपादक भेटलाच तर जेवणाच्या रांगेत.

ओवीकार : तिकडे डॉलर मोजून जावे लागते. इकडे कवी पदरमोड करून येतात आणि बोलणीही खातात.

वाशीकर वाचक : कवींविषयी गद्यलेखिकांशी मी सहमत आहे, एवढेच. कन्फेशनचा प्रश्न चांगला होता हेही मान्य. मात्र तो विचारायला बाई ख्रिस्तीच हव्यात, हे आपण अजून सिद्ध केलेले नाही. प्रकरण वाशीच्या साहित्य मंदिरात वाचा, मी प्रश्न घेऊन येतो.

तलावपाळी : वाचतो, पण कवींना बोलावू नका.