प्रतिसाद: गणितात तापमानही धरा
एलसीडीतल्या द्रवस्फटिकाच्या थरातून प्रकाश कसा जातो हे गणिताने काढण्याबद्दल वर कुणीतरी म्हटलंय की जोन्स मॅट्रिक्समध्ये (प्रकाशाचं ध्रुवण कसं बदलतं ते मांडणारे २×२ तक्ते) वेळ घालवू नका, थेट बेरेमनची ४×४ पद्धत (परावर्तनंही धरणारी) घ्या. एलसीडी तिरकी बघितल्यावर कशी दिसेल हे काढायचं असेल तर मान्य; थरांमधली परावर्तनं साध्या जोन्समध्ये येतच नाहीत. पण समोरून सरळ येणाऱ्या प्रकाशासाठी थराचे शंभरेक पातळ काप करून २×२ मॅट्रिक्स गुणत गेलं तरी उत्तर व्यवस्थित येतं.

चर्चेत राहून गेलंय ते तापमान. सोलापुरात एमएस्सीला असताना आम्ही ५सीबी हा द्रवस्फटिक भरून ९० अंश पीळ दिलेला सेल (दोन काचांमधला पातळ थर) केला होता. सकाळी काटकोनात लावलेल्या दोन पोलरायझरमधून (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या पट्ट्या) लख्ख उजेड, दुपारी काळाकुट्ट. दोन दिवस गणिताचा कोड चाळला. शेवटी थर्मामीटर लावला तेव्हा उलगडलं: ५सीबी ३५ अंशांच्या आसपास साधा द्रव होतो, मग पीळ राहत नाही आणि प्रकाशाचं ध्रुवण फिरत नाही, आणि एप्रिलमधल्या आमच्या पत्र्याखालच्या खोलीत पारा ३९ वर! सेल गार पाण्याच्या ग्लासाला टेकवला की कडेकडून उजेड परत सरकत यायचा. म्हणून डेल्टा एनची (द्रवस्फटिकाच्या दोन अपवर्तनांकांमधल्या फरकाची) एकच किंमत धरून चालू नका. ती तापमानासोबत घसरते, त्या बिंदूजवळ तर फारच झपाट्याने. डेटाशीटवरचा आकडा बहुधा २०-२५ अंशांचा असतो, तेवढं आधी बघा.