मदत हवी आहे: कानबान लावलं, पण व्हीएमसीपाशी घोडं अडतंय. कार्डं किती धरायची?

कुपवाडचा_लेथ

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. कास्टिंग शिरोलीहून येतं. इथं टर्निंग, मग व्हीएमसी (मिलिंग-ड्रिलिंगचं उभं सीएनसी मशीन), डिबरिंग (कडांची कूस काढणं), वॉशिंग, तपासणी, आणि माल टेम्पोनं चाकणला. आजवर सगळा कारभार ढकलगाडीचा. महिन्याचं शेड्यूल आलं की सुपरवायझर पहिल्या मशीनवर माल चढवणार, पुढं ज्याला जे समोर दिसेल ते तो करणार. टर्निंग झालेल्या हाऊसिंगच्या थप्प्या पार शेडच्या दारापर्यंत, आणि डिस्पॅचला हवं असलेलं कव्हर मात्र एकही तयार नाही.

दिवाळीनंतर एका सल्लागाराकडून कानबान, म्हणजे कार्डावर माल मागवायची पद्धत, बसवून घेतलं. पुढच्यानं बिन उचललं की त्यावरचं कार्ड मागं जाणार, आणि कार्ड आलं तरच मागच्यानं तेवढा माल करायचा. टर्निंगला कुरकुरत का होईना, चाललंय. व्हीएमसीला काही केल्या बसेना.

व्हीएमसी एकच, जॉब तीन. मोठं हाऊसिंग रोज 100 नग, नगाला 4 मिनिटं. छोटं हाऊसिंग रोज 50 नग, 5 मिनिटं. कव्हर रोज 30 नग, 5 मिनिटं. दोन शिफ्टमध्ये चहा-जेवण वजा जाता 900 मिनिटं मिळतात. जॉब बदलायचा तर पहिला पीस पास होईपर्यंत अडीच तास जातात. एका बिनमध्ये 25 नग.

सल्लागारांचं सूत्र असं: रोजची मागणी गुणिले लीड टाइम (माल मागितल्यापासून मिळेपर्यंतचा वेळ), त्यावर 20 टक्के जादा, भागिले बिनमधले नग. लीड टाइम त्यांनी एक दिवस धरला, म्हणून मोठ्या हाऊसिंगची 5 कार्डं आली. 5 बिन म्हणजे जेमतेम सव्वा दिवसाचा माल. कव्हरचं कार्ड येतं तेव्हा मशीनवर हाऊसिंग चढलेलं असतं, आणि 25 कव्हरांसाठी चढलेली सेटिंग कोण उतरवेल? सेटर म्हणतो, "साहेब, अजून दोन-तीन जमू देत, मग बघू," आणि कार्ड खिशात घालतो. परवा चहाच्या सुट्टीत त्याच्या खिशातून कव्हरची चार कार्डं निघाली, कूलंटनं चिकटलेली, लॅमिनेशन सुटलेली.

तर लीड टाइममध्ये नेमकं काय काय धरायचं? दुसरं, टर्निंगला नगावर इन्सेंटिव्ह आहे. कार्ड नाही म्हणून थांबा म्हटलं की ऑपरेटर विचारतो, मशीन चालू, मटेरियल समोर, मग हात बांधून बसू का? आणि फौंड्रीला कार्ड कसं लावायचं? ते सहाशे-सातशे नग एकदमच पाठवतात.

ईआरपी (सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) घ्या असं कृपया सांगू नका.

मिरज_सेटर

दादा, तुमच्या सेटरला रागावू नका, त्याचं गणित सल्लागारापेक्षा बरं आहे.

तुमचंच गणित पुढं नेतो. रोजचं मशीनिंग 400 + 250 + 150 = 800 मिनिटं. उरली 100. तीन सेटिंगला 450 मिनिटं लागतात, म्हणजे तिन्ही जॉबची एक फेरी साडेचार दिवसांच्या आत बसतच नाही, तीही ड्रिल न तुटता. आठवड्याला एक फेरी धरा. सहा दिवसांची 5400 मिनिटं, त्यात 4800 मशीनिंग आणि 450 सेटिंग. हाताशी 150 राहतात.

लीड टाइम म्हणजे नुसता मशीनिंगचा वेळ नव्हे. कार्ड पडल्यापासून भरलेलं बिन परत जागेवर येईपर्यंतचा सगळा वेळ, आणि त्यात सगळ्यात मोठा हिस्सा वाट बघण्याचा.

अशा मशीनला बिनमागे एक कार्ड चालत नाही. त्रिकोणी कार्ड लावा, म्हणजे पूर्ण लॉटमागे एकच कार्ड, रॅकवरच्या ठरावीक बिनला अडकवलेलं. बॅच मशीनला टोयोटातही तेच वापरतात. मोठ्या हाऊसिंगचा लॉट 600 नग, म्हणजे 24 बिन. बाकीच्या दोन जॉबचे लॉट (300 आणि 180) आणि तीन सेटिंग मिळून 2850 मिनिटं, सव्वातीन दिवसांच्या आसपास. तेवढ्यात 317 नग उचलले जातील. 20 टक्के जादा धरून 380, म्हणजे 16 बिन. रॅकवर वरून माल उचलत 16 बिन उरले की त्रिकोण उघडा पडतो, तो बोर्डवर लागतो आणि हाऊसिंगचा नंबर लागतो. कव्हर-छोटं हाऊसिंग ह्याच पद्धतीनं काढा.

माल जास्त वाटेल. वाटू दे. तो सेटिंगमुळे आहे. सेटिंग 50 मिनिटांवर आणलीत तर दोन-अडीच दिवसांना फेरी बसेल आणि रॅक निम्म्याहून रिकामं होईल. त्यासाठी टेबलावर एक कायमची बेसप्लेट बसवा, प्रत्येक फिक्स्चरला डॉवेल (नेमक्या जागी बसवणाऱ्या पिना) द्या म्हणजे डायल गेज लावत बसायला नको. टूल होल्डरमध्ये लावून ऑफसेट (टूलच्या लांबीचा आकडा) मोजून मशीन चालू असतानाच ट्रॉलीवर तयार ठेवायचे. अडीच तासांतला निम्मा वेळ ॲलन की आणि गेज शोधण्यात जातो, पैजेवर सांगतो.

देगाव_शिफ्ट_इनचार्ज

वरचं गणित बरोबर. इन्सेंटिव्हबद्दल माझं मत थोडं कडक आहे: नगावर पैसे आणि कार्डावर काम, ह्या दोन गोष्टी एका छताखाली नांदत नाहीत. ऑपरेटरचा प्रश्न रास्त आहे, त्याच्या खिशातून पैसे जातायत. आमच्याकडं (सातारा) इन्सेंटिव्ह पूर्ण लाइनला दिला, डिस्पॅच झालेल्या चांगल्या नगांवर. कार्ड नसेल तर डिबरिंगला मदत, किंवा पुढच्या सेटिंगची ट्रॉली भरायची. पहिले दोन पगार कटकट झाली.

कार्ड खिशात जात असेल तर कार्डच काढून टाका. टर्निंग आणि व्हीएमसीच्या मधे जमिनीवर पिवळ्या पट्ट्यांनी बिनचे चौकोन आखा. चौकोन रिकामा असेल तर भरा, भरलेला असेल तर थांबा. पट्टी कुणी खिशात घालत नाही.

धीरही धरा. टोयोटाचे तायची ओनो यांनी 1953 मध्ये तिथल्या मशीन शॉपमध्ये हे कानबान सुरू केलं, सगळ्या कंपनीत रुळायला 1962 उजाडलं.

शिरोली_मोल्डिंग

फौंड्रीवाल्याची बाजू. तुमच्या एका कार्डासाठी आम्ही पॅटर्न (साचा बनवायचा नमुना) चढवणार नाही, भट्टी तशी चालत नाही. आम्हाला तुमच्या रॅकचा आकडा पाठवत जा, दर सोमवारी. रॅक अमुक नगांखाली गेलं की पुढच्या हीटमध्ये (भट्टीच्या ओतणीत) तुमचा पॅटर्न, एवढं ठरवून घ्या. ब्लोहोलचे (आत हवेची पोकळी राहिलेले) नग मोजणीतून वेगळे ठेवा, नाहीतर रॅक भरलेलं दिसेल आणि लाइन उपाशी.

आणि जुलै-ऑगस्टचा साठा वेगळा धरा. 2019 ला पंचगंगेचं पाणी इथं हायवेवर आलं तेव्हा गाड्या किती दिवस अडकल्या होत्या ते तुम्हाला सांगायला नको.

कुपवाडचा_लेथ

सगळ्यांचे आभार. 16 बिनांचा आकडा सेटरला दाखवला, तो म्हणाला "मी हेच सांगत होतो." पट्ट्या रविवारी मारतोय.

एक शंका राहिली. ग्राहक महिन्याच्या मध्यावर शेड्यूल बदलतो, कव्हर रोज 30 चे कधी 55 होतात. तेव्हा त्रिकोणाची जागा बदलायची का?

मिरज_सेटर

रोज 55 झाले तर 125 मिनिटं वाढली, आणि तुमच्याकडं उरतात 100. त्रिकोण कुठंही लावा, मशीन पुरणार नाही. ते आठवडे तिसरी शिफ्ट किंवा कव्हर बाहेर जॉबवर्कला. चार-पाच नगांचा फरक असेल तर काही हलवू नका, जादा धरलेले 20 टक्के त्यासाठीच आहेत.